खडकावरची विहीर

सोम. ६ ऑक्टो.

किल्ला आजही पडला नाही.

दिवसभर आमच्या गेमचं टेस्टिंग. बाहेरून बोलावलेली पोरं हेडफोन लावून स्पॅनिश किल्लेदार होऊन बसली होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर समुद्रात आमचा तो खडक, खडकावर किल्ला, आणि समोरच्या किनाऱ्यावर वेढा घालून बसलेले लोक, ज्यांचा मुलूख ह्यांनी बळकावला ते. मालागाहून शिधा घेऊन बोट येईपर्यंत तग धरायचा, एवढाच खेळ. तर पोरांनी अगदी आरामात धरला. एक जण वेढा चालू असताना क्रिस्प्स खात होता. बोट येवो न येवो, किल्ल्यात सगळं आलबेल.

संध्याकाळी हेदरनं उभ्याउभ्याच बोलावलं. ही बॉस कधी ओरडत नाही, त्यामुळे जास्तच धडकी भरते. ‘व्हेअर्स द ड्रेड?’ म्हणाली. भीती कुठेय? माझ्याकडे आहे बाई, हवी तेवढी घेऊन जा. असं अर्थातच म्हटलं नाही. मान डोलावली.

सगळे कॅलमकडे बघायला लागले. वेढा घालणाऱ्यांचं सगळं तो बघतो. ते कधी चढाई करणार, कधी दबा धरून बसणार, कधी कंटाळून घरी जाणार. किल्ल्याच्या आतलं मी बघते. धान्य, पाणी, दारूगोळा, आजारपणं, शिपायांचा धीर. तो बाहेरचा, मी आतली. वेढेकरी कंटाळून निघून जातात म्हणजे चूक बाहेरच्याची, असा सरळ हिशेब झाला. कॅलमचे कान लाल. मी खाली बुटांकडे बघत राहिले.

गुरु. ९ ऑक्टो.

झालं. ज्याची भीती होती तेच.

पब्लिशर नाखूश, टीम लहान करायची आहे. हेदरनं कागदावरून वाचून दाखवलं. मी आणि कॅलम दोघंही ‘ॲट रिस्क’, दोघांतली एक जागा जाणार. आधी कन्सल्टेशन होईल, पुढच्या महिन्यात. कन्सल्टेशन म्हणजे मुलगी बघून गेल्यावर ‘कळवतो’ म्हणतात तसलं काहीतरी.

घरी येऊन निखिलला सांगितलं. तो कांदा चिरत होता, चिरतच राहिला. मग म्हणाला, ‘मार्चपर्यंत काढ गं. कसंही करून मार्चपर्यंत.’

मार्चमध्ये पाच वर्षं होतात. मग आयएलआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी. मग आपलं इथलं राहणं कुणाच्या नोकरीला टांगलेलं नाही. त्याआधी माझी नोकरी गेली तर दोन महिन्यांत दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर बॅगा भरा. नि.चा व्हिसा माझ्यावर, रेवाचा माझ्यावर. त्यात सरकार पाचाची दहा वर्षं करणार म्हणतंय. हुकलं तर पुन्हा रांगेत शेवटी.

रेवा पलीकडे बसून ऐकत होती. ‘आई, तू का घाबरला?’ म्हणाली. घाबरलास-घाबरलीसच्या फंदात न पडता म्हटलं, नाही गं, कांदा झोंबतोय.

मंगळ. १४ ऑक्टो.

स्ट्रेटफर्डला स्टॉपपासून घरापर्यंत सगळ्या दिव्यांच्या खांबांवर आता झेंडे. परवा अर्ध्या रस्त्यापर्यंत होते. नि. म्हणतो, त्यांचा देश, त्यांचा झेंडा, तुला काय. बरोबर आहे त्याचं. तरी मी मान खाली घालून झपझप चालते आणि किल्ली आधीच हातात काढून ठेवते.

गेल्या वर्षी बाहेरून आलेल्यांविरुद्ध दंगली पेटल्या त्या आठवड्यात कॅलम रोज माझ्याबरोबर डीन्सगेटच्या ट्रॅम स्टॉपपर्यंत यायचा. मी काही म्हटलं नव्हतं. स्वतःच जॅकेट उचलायचा, ‘यू ऑलराइट?’ विचारायचा आणि निघायचा. बोलायचा काहीच नाही. त्याचं घर उलट्या दिशेला आहे, हे मला नंतर कळलं.

आणि आता त्याची किंवा माझी. आज लंचला आम्ही एकाच मायक्रोवेव्हसमोर उभे होतो आणि हवेबद्दल बोललो.

रवि. १९ ऑक्टो.

मागच्या अंगणात रेवाबरोबर दिवाळीचा किल्ला. गार्डन सेंटरची काळी माती, तिला आपल्या लाल मातीची सर नाही, पण उभा राहिला. रेवाला समुद्रातला हवा होता, ‘तुझ्या ऑफिसचासारखा’. मग बेसिनमधला जुना टब पालथा, भोवती निळं प्लास्टिक.

दह्याचा डबा पुरून विहीर केली. तिला सांगितलं, आपल्या सिंधुदुर्गात, भर समुद्रात, तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चौथीत घोकलेलं, झोपेतून उठवलं तरी येईल.

‘दहीबावमध्ये दही असतो?’

‘नाही गं. पाणीच. पण गोड.’

मग तिनं विचारलं, ‘ह्याच्यात गुड लोक राहतात की बॅड?’ लहानपणी बाबांबरोबर राजपुरीहून होडीतून जंजिरा बघायला गेले होते. आत बसलेल्यांचा असा राग आला होता, की किल्ला बघताना एक शब्द बोलले नाही. बाबा म्हणायचे, मुग्धाची मोहीम अजून चालू आहे. आणि आता दोन वर्षं मी पगार घेऊन आतल्यांनाच जेवू घालतेय.

गुरु. २३ ऑक्टो.

घाईघाईत लिहितेय. अक्षर बघ.

आज पिलारबरोबर कॉल होता. पिलार म्हणजे आमची सल्लागार, स्पेनमध्ये इतिहास शिकवते, हे असले किनाऱ्यावरचे किल्ले हाच तिचा विषय. कॉलवर मी एकटीच होते, बाकीचे दुसऱ्या मीटिंगमध्ये. तिला किल्ल्याचा आतला नकाशा दाखवत होते. कोठार, चर्च, तुरुंग. (शिक्षा झालेल्यांना तिकडेच पाठवायचे म्हणे. पळणार कुठे?) ती छान छान म्हणत होती. आणि मग:

‘हे काय आहे?’

‘विहीर.’

‘विहीर? ह्या खडकावर?’

ती हसली. कुत्सितपणे नाही, खरंच गंमत वाटून. म्हणाली, पावसाचं पाणी साठवायचं टाकं होतं, तेही गळकं. खरं पाणी पिंपांतून यायचं, बोटीनं. वारा फिरला की बोट नाही, आणि बोट नाही तर पाणी नाही. समोरच्या किनाऱ्यावर वाहतं पाणी दिसायचं त्यांना, रोज. शिपायांना शत्रूपेक्षा बोट न येण्याची भीती मोठी होती, म्हणाली. काही जण तटावरून उड्या टाकून सरळ पलीकडे जायचे, ज्यांच्याशी लढायला आणलं त्यांच्यातच. असे खडक आजही स्पेनकडे आहेत, वर थोडे शिपाई आहेत, आणि आजही सगळं बाहेरूनच न्यावं लागतं.

मी काहीतरी बोलत राहिले. डोक्यात एकच. मी त्यांना विहीर दिली. कुणी सांगितलं नव्हतं, कुठे वाचलं नव्हतं. समुद्रात किल्ला म्हटलं की आत गोडं पाणी असणारच, ह्यात विचारण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नाही. इथल्या कुणाला अशी चूक करता आली नसती.

म्हणजे किल्ला पडत नाही तो ह्यामुळे. कॅलमचे लोक वर्षभर बसले असते तरी आतले तहानेनं मरणार नव्हते. मग ते कंटाळणार नाहीत तर काय.

कॅलमचं सगळं बरोबर होतं.

शुक्र. २४ ऑक्टो.

कुणाला सांगितलं नाही. नि.लाही नाही. सकाळी हेदर कॅलमला म्हणाली, ‘एनी जॉय?’ म्हणजे काही सापडलं का. तो म्हणाला, बघतोय. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालंय. मी चहा करायला उठले आणि त्याच्यासाठीही केला. त्यानं थँक्स म्हटलं, तेव्हा तो कप त्याच्या हातातून काढून घ्यावासा वाटला. स्वतःची इतकी किळस बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

सोम. २७ ऑक्टो.

विहीर काढली.

दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर. पाच मिनिटांचं काम. विहीर पुसली, टाकं ठेवलं, त्याला गळती दिली, बोटीवर पिंपं चढवली. शेऱ्यात लिहिलं ‘किरकोळ दुरुस्त्या’. असं वाटत होतं, जणू दुसऱ्याच्या घरात शिरलेय.

ठरवलं असं, की गुपचूप बरोबर झालं की सगळंच मिटेल. कॅलमला बोलणी बसणार नाहीत, मला कुणी विचारणार नाही. झाकली मूठ.

बुध. २९ ऑक्टो.

नवी टेस्ट. क्रिस्प्सवाला पोरगा परत आला होता.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग टाकं तळाला गेलं. वारा उलटा, बोट क्षितिजावर दिसतेय पण येत नाही. वेढेकरी काही करत नव्हते, नुसते बसून होते, आणि तेच भयंकर वाटत होतं. पोरानं पुढे झुकून हेडफोन घट्ट धरले. मग एक शिपाई तटावर चढला. मला वाटलं पहाऱ्याला. त्यानं बाहेर उडी टाकली. मग दुसऱ्यानं. पोरगा ओरडला, अरे हे काय करतायत! ते पोहत पलीकडे चालले होते, पाण्याकडे. हे आम्ही दोघांनीही लिहिलेलं नव्हतं. माझी तहान आणि कॅलमचा सबुरीनं बसलेला शत्रू, एवढ्यातून ते आपोआप झालं.

ते इवले इवले शिपाई, माझेच, मीच नावं दिलेले.

हेदर टाळ्या वाजवत आली. सरळ कॅलमकडे. ‘ब्रिलियंट. वॉटेव्हर यू डिड.’ खांद्यावर हात. कॅलमनंही सोमवारीच काहीतरी बदल चढवला होता, हे मला माहीतच नव्हतं. दोघांचे बदल गेमच्या एकाच नव्या बिल्डमध्ये गेले.

कॅलम काही बोलला नाही. माझ्याकडे बघितलं त्यानं. मी स्क्रीनकडे वळले.

शुक्र. ३१ ऑक्टो.

नि.ला सगळं सांगितलं शेवटी. रेवा शेजारच्या मुलांबरोबर चेटकीण होऊन चॉकलेटं गोळा करत होती, दर दोन मिनिटांनी बेल वाजत होती, आणि प्रत्येक बेलला मी दचकत होते.

नि. म्हणाला, ‘मग सांग ना हेदरला, की तू दुरुस्त केलंस!’

‘काय दुरुस्त केलं म्हणून सांगू? मीच घातलेला घोळ?’

‘हं.’

‘आणि महिनाभर त्याला बोलणी बसत होती तेव्हा मी बूट बघत होते, हेही सांगू?’

त्यानं उठून चॉकलेटांचा वाडगा दारापाशी नेऊन ठेवला. मग म्हणाला, ‘न सांगता गेलं तर त्याची राहणार आणि तुझी जाणार. सांगितलंस तरी तुझीच जाणार. आगीतून फुफाट्यात.’ जोक मारायचा प्रयत्न होता बहुतेक. हसला नाही मात्र.

कन्सल्टेशन गुरुवारी, तेराला. आधी कॅलम, मग मी.

बुध. ५ नोव्हें.

बॉनफायर नाइट, इथली फटाक्यांची रात्र. ऑफिसातून निघालो तेव्हाच फटाके सुरू झाले होते. दिवाळीचे वाजले तर मजा, हे वाजले की छातीत धस्स. का, ते माझं मलाच कळत नाही.

कॅलमनं जॅकेट उचललं. ‘यू ऑलराइट?’ गेल्या वर्षीसारखंच. डीन्सगेटपर्यंत चाललो. प्लॅटफॉर्मवर तो समोर रुळांकडे बघत म्हणाला, ‘मी काहीच केलं नव्हतं. ढोल जरा लवकर वाजायला लावले होते, बस. त्यानं काही होणार नाही, हे मलाही माहीत आहे. तेराला हेदरनं विचारलं, काय केलंस, तर सांगू काय?’

आणि मी सांगून टाकलं. सगळं. विहीर, पिलार, माझी किरकोळ दुरुस्ती. सांगताना इतकं हलकं वाटत होतं, की थांबताच येईना. तो म्हणाला, ‘पण समुद्रात विहीर? तुला वाटलं तरी कसं?’ मग त्याला सिंधुदुर्ग सांगितला. विहिरीतून पाणी कसं काढतात हे त्यानं कधी बघितलेलंच नाही, म्हणून दोन्ही हातांनी दोर ओढून दाखवला, एकाआड एक, पोहरा वर येईपर्यंत. एक बाई बघायला लागली. कॅलम हसला. मीही. किती दिवसांनी.

मग तो परत रुळांकडे बघायला लागला. म्हणाला, ‘म्हणजे माझं पहिल्यापासून बरोबर होतं.’

‘हो.’

‘उन्हाळ्यापासून.’

‘हो. सॉरी, कॅलम.’

ट्रॅम आली. चढताना म्हणाला, ‘लीव्ह इट विथ मी.’ दार बंद. त्याची ती ट्रॅम नव्हतीच. उलट्या दिशेची पुढे यायची होती, पण तो माझ्या ट्रॅममध्ये चढला आणि पुढच्याच स्टॉपला उतरून गेला. मागे वळून बघितलं नाही.

गुरु. ६ नोव्हें.

नि. भडकला. असा भडकत नाही कधी.

‘तू वेडी आहेस का? स्वतःच्या हातानं दिंडी दरवाजा उघडून दिलास त्याला!’

‘तो तसा नाहीये.’

‘तसा म्हणजे कसा? त्यालाही भाडं भरायचंय. आपण असतो तर काय केलं असतं, सांग.’

मी काय केलं ते मला माहीत आहे. गप्प बसले होते. तेच म्हणाले त्याला. रेवानं वर्गात बोलायला दिवाळीचा किल्ला निवडलाय, ‘माझी टीचर म्हणाला खूप इंटरेस्टिंग आहे’, ते ती आम्हाला ऐकवत होती आणि आम्ही दोघं वा वा करत होतो.

‘लीव्ह इट विथ मी.’ ह्याचा अर्थ काय? माझ्यावर सोड, मी सांभाळतो? की, आता हे माझ्या हातात आहे?

मंगळ. ११ नोव्हें.

कॅलम कालपासून घरून काम करतोय. मेसेज केला, ‘ऑल ओके?’ अंगठा आला फक्त. पिवळा अंगठा. त्याच्याकडे मी किती वेळ बघत बसले.

आज ठरवलं, आपणच आधी हेदरकडे जायचं. तिच्या दारापर्यंत गेले. ती फोनवर होती, हातानं ‘एक मिनिट’ केलं. ते एक मिनिट उभं राहवलं नाही. परत जागेवर येऊन बसले. भित्री भागूबाई, आई म्हणायची लहानपणी. आई कोथरूडहून फोनवर आजच विचारत होती, मार्चनंतर येणार ना गं सगळे, तिकिटं आधी काढलेली बरी. हो म्हटलं.

पिलारची मेल. नवा नकाशा आवडला तिला. सगळ्यांनाच पाठवली आहे, हेदर, कॅलम, सगळे. शेवटी लिहिलंय की विहीर काढलीत ते फार बरं केलंत. हेदर मेल वाचते का पूर्ण? कधीच नाही. पण एखाद्या दिवशी...

गुरु. १३ नोव्हें.

कॅलम आत आहे. काचेची खोली, पडदा अर्धाच खाली. मी जागेवर बसून हे लिहितेय, म्हणजे कामात आहे असं वाटेल.

सकाळी निघताना नि.नं दारात मला घट्ट धरलं. म्हणाला, ‘जे होईल ते. खरं सांगून ये.’ मी म्हटलं, सांगणार आहे. खरंच सांगणार होते. आहे. पण आधी तो आत गेलाय.

कॅलम सकाळी आला तेव्हा माझ्या टेबलापाशी थांबला होता. काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात हेदर आली.

आत हेदर कागदावर लिहितेय. कॅलमची पाठ माझ्याकडे. बराच वेळ तो हललाच नाही. वाटतंय उठावं, जॅकेट घ्यावं आणि सरळ ट्रॅमला जावं. खाली उतरलं की रस्ता आहे, गर्दी आहे, कुणी अडवणार नाही. माझे ते शिपाई असेच गेले असतील.

हेदरनं काहीतरी विचारलं. कॅलम खुर्चीत सरळ झाला.

आणि त्यानं दोन्ही हात वर केले. दोर ओढतोय. एकाआड एक, सावकाश, पोहरा वर येईपर्यंत, अगदी मी प्लॅटफॉर्मवर दाखवला होता तसा. एकही हात चुकला नाही.

विहिरीचं सांगितलं म्हणजे. माझ्या बाजूनं की माझ्याविरुद्ध, ते काचेतून कळत नाही. हेदर हसत नाहीये. आता ती माझ्याकडे बघतेय. कॅलमही वळला. तोंड उघडलं त्यानं, काहीतरी म्हणतोय मला, काचेपलीकडून, काय ते

ती उठली. दाराकडे येतेय.